तक्रारीची वाट

परदेशात भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याची तक्रार सहसा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. ती स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याकडून येते, शाखाप्रमुखाकडून येते, सहशिक्षकाकडून, कुणाच्या आईकडून, नाहीतर सत्राअखेरीस भरून घेतलेल्या छापील प्रश्नावलीतून. येता येता ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरते, तिच्यातला राग किंवा संकोच वाटेत गळतो आणि शिक्षकाच्या हाती एक वाक्य उरते: ‘तुम्ही फार भरभर बोलता’ किंवा ‘तुमच्या तासाला मजा येत नाही’. हे कोण म्हणाले, केव्हा, कशावरून, याचा पत्ता नसतो. शिक्षक-प्रशिक्षणात अशा वेळी काय करावे याचा सल्ला भरपूर मिळतो. शांतपणे ऐका, बचाव करू नका, उपाय सुचवा. पण हा सगळा सल्ला तक्रार करणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसले आहेत असे धरून चालतो. प्रत्यक्षात तक्रार कोणत्या वाटेने आली यावरच तिचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते; शिक्षकाचे कौशल्य त्यानंतर येते. जपानमधील इंग्रजीचे अध्यापन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण तिथे अशा अनेक वाटा एकाच वेळी वापरात आहेत.

सरकारी शाळांसाठी परदेशी तरुण आणण्याची ‘जेट’ योजना जपानने १९८७ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. करार एका वर्षाचा, वाढवता येतो, पण पाच वर्षांच्या पुढे नाही. हा तरुण वर्गात सहायक असतो. मुख्य शिक्षक जपानी. याच्या जोडीला खासगी संभाषणवर्गांचे मोठे जग आहे. त्यांना ‘एइकाइवा’ म्हणतात. हे वर्ग बहुधा रेल्वे स्थानकाजवळच्या इमारतीत असतात आणि तिथे कचेरीतून सुटलेले नोकरदार, गृहिणी, निवृत्त मंडळी, परीक्षेची तयारी करणारी मुले येतात. इथे परदेशी शिक्षक एकटाच तास घेतो आणि समोरचा विद्यार्थी आगाऊ पैसे भरलेला ग्राहक असतो.

जपानीत तक्रारीला ‘कुजो’ हा जुना शब्द आहे. ‘कुरेमु’ हा इंग्रजी ‘क्लेम’वरून उचललेला. मूळ शब्दात हक्काच्या मागणीचा अर्थ आहे; जपानीत येऊन तो ग्राहकाने दुकानदाराकडे नेलेल्या तक्रारीचा वाचक झाला. मित्राजवळ केलेल्या कुरकुरीला ‘गुची’ म्हणतात आणि तिच्यातून काही निष्पन्न व्हावे अशी कुणाची अपेक्षा नसते. मराठीतही कुरकुर, तक्रार आणि गाऱ्हाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, पण घालणारा गुरव किंवा मानकरी असतो. ज्याचे गाऱ्हाणे, तो शेजारी हात जोडून उभा राहतो. एइकाइवातली तक्रार साधारण याच रीतीने चालते. फरक एवढाच, की इथे नोकरी जाण्याची भीती देवाला असते.

तक्रारींचे विषय जगभर बरेचसे सारखे आहेत. शिक्षक भरभर बोलतो, नुसत्या गप्पा मारतो, व्याकरण समजावत नाही, वर्गातल्या एकालाच बोलू देतो, सगळ्यांसमोर चूक दाखवून लाजवतो. यांपैकी एक तक्रार अधिक खोलात जाण्यासारखी आहे: ‘शिक्षक माझ्या चुका सुधारत नाहीत.’ शिक्षकाला ती अन्यायाची वाटते. त्याच्या मते तो दर मिनिटाला सुधारणा करत असतो. विद्यार्थी ‘ही गो टु ऑफिस’ म्हणाला, की शिक्षक ‘ओ, ही गोज टु द ऑफिस’ असे म्हणून पुढे जातो. बोलणे तुटत नाही, विद्यार्थ्याचा हिरमोड होत नाही, आणि दुरुस्तीही झाली असे शिक्षकाला वाटते. रॉय लायस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शिक्षकांच्या एकूण दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के याच जातीच्या होत्या, आणि त्यांपैकी जेमतेम ३१ टक्के वेळा विद्यार्थ्यांनी त्यांना काही प्रतिसाद दिला. बाकीच्या वेळी दुरुस्ती हवेत विरली. म्हणजे तक्रार करणारा खोटे बोलत नव्हता आणि शिक्षकही कामचुकार नव्हता. केलेली दुरुस्ती दुरुस्ती म्हणून ऐकूच गेली नव्हती. ही गोष्ट दोघांनी पाच मिनिटे बोलून सुटण्यासारखी आहे. पण ती स्वागतकक्षातून ‘चुका सुधारत जा’ असा निरोप होऊन आली, तर शिक्षक पुढच्या तासाला प्रत्येक वाक्याला थांबवू लागतो. मग दुसऱ्या विद्यार्थ्याची तक्रार येते, की बोलूच देत नाहीत.

व्याकरणाच्या तक्रारीमागे शाळेचा इतिहास आहे. जपानी मुले माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेत मिळून सहा वर्षे इंग्रजी शिकत आली आहेत, आणि २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीतही तो रीतसर विषय झाला आहे. जुन्या शिकवण्याचा कणा म्हणजे ‘याकुदोकु’, अर्थात इंग्रजी वाक्य शब्दागणिक फोडून जपानीत लावून वाचणे. या पद्धतीत तयार झालेल्या माणसाला वाक्यातल्या प्रत्येक तुकड्याचे नाव माहीत असते. परदेशी शिक्षकाला ते बऱ्याचदा माहीत नसते. भाषा त्याच्या तोंडात आहे. तिचे नियम त्याने कधी पाठ केलेले नसतात. ‘इथे द का, अ का नाही?’ या प्रश्नाला ‘तसे बरे वाटते’ हे उत्तर मिळाले, की विद्यार्थ्याचा विश्वास उडतो. संवादप्रधान पद्धतीचे पुरस्कर्ते अशा विद्यार्थ्याला जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारतात. ते बरोबर नाही. शिक्षकाला आपला विषय समजावून सांगता यावा ही मागणी कोणत्याही पद्धतीत रास्तच आहे.

यापेक्षा अवघड प्रकार मौनाचा. जिम किंग या संशोधकाने जपानमधील नऊ विद्यापीठांच्या इंग्रजी वर्गांत बसून कोण किती बोलते याची नोंद ठेवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपणहून सुरू केलेले बोलणे एक टक्क्याहून कमी भरले. एवढ्या शांत वर्गात नाराजी वेगळी ओळखायची कशी? नवख्या परदेशी शिक्षकाला सगळे आलबेल वाटते. मुले हसतात, मान डोलावतात, वह्या काढतात. मग एक दिवस दोघे यायचे बंद होतात आणि महिन्याने कळते, की त्यांनी दुसऱ्या शिक्षकाचा तास मागून घेतला. तक्रार झाली होती, फक्त ती शब्दांत नव्हती. मौनाला बुजरेपणा किंवा ‘आशियाई स्वभाव’ म्हणून मोकळे होणारे शिक्षक ती वाचायची संधी गमावतात. कंटाळा आल्यावर, प्रश्न न समजल्यावर, शेजाऱ्यासमोर चूक होण्याच्या भीतीने आणि केवळ झोप अपुरी झाल्यानेही माणूस गप्प बसतो. या मौनांवर एकच इलाज चालत नाही.

तक्रार बोलून दाखवली गेलीच, तर एइकाइवात पहिली ऐकते ती स्वागतकक्षातली जपानी कर्मचारी. तिचे पहिले उत्तर ठरलेले: ‘मोशिवाके गोझाइमासेन.’ शब्दशः अर्थ, सबब सांगायला जागा नाही. जपानी व्यवहारात या क्षमायाचनेने चूक कबूल झाली असे होत नाही. समोरच्याला त्रास झाला याची ती दखल असते, आणि ती घेतल्याशिवाय पुढचे बोलणे सुरूच होत नाही. अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून आलेल्या शिक्षकाला हे उलटे वाटते. आपली बाजू ऐकण्याआधीच शाळेने माफी मागितली, म्हणजे आपल्याला दोषी ठरवले, असा तो अर्थ घेतो. मग तो लांबलचक खुलासा करतो, आणि तो खुलासा कर्मचाऱ्याला उद्धटपणा वाटतो. एका तक्रारीच्या पोटी दुसरी जन्माला येते, आणि या दुसरीचा विद्यार्थ्याशी काही संबंध नसतो.

कर्मचाऱ्याला दोष देणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. तिच्यावर विक्रीचा भार असतो. विद्यार्थ्याने करार पुढे चालवावा हे तिचे काम, आणि तक्रार ही तो न चालवण्याची पूर्वसूचना. म्हणून ती विद्यार्थ्याला लगेच दुसरा शिक्षक देऊ करते. विद्यार्थी खूश, शाखा खूश. शिक्षकाला कारण कळत नाही आणि पुढच्या विद्यार्थ्यासमोर तो तेच करत राहतो. अशा रीतीने ‘हाताळलेली’ तक्रार व्यवसायाच्या दृष्टीने मिटते, शिकवण्याच्या दृष्टीने तिला काहीच किंमत राहत नाही.

शिक्षकाच्या माथी येणाऱ्या कित्येक तक्रारी मुळात शिक्षकाविषयी नसतातही. ओसाकात १९८१ मध्ये सुरू झालेली ‘नोव्हा’ ही जपानमधील सर्वांत मोठी संभाषण-शाळा झाली होती. तिथे तास गुणांच्या हिशेबाने विकले जात. जितके जास्त गुण एकदम घ्याल तितका प्रत्येक गुण स्वस्त. पुढे विकलेल्या गुणांच्या मानाने तास आणि शिक्षक कमी पडू लागले आणि सोयीची वेळ मिळत नाही अशा तक्रारी वाढल्या. पैसे परत मागणाऱ्याला, वापरलेल्या गुणांची किंमत चढ्या दराने लावून उरलेली रक्कम कमी केली जाई. वास्तविक १९९९ च्या कायदेदुरुस्तीने भाषावर्ग ग्राहक-संरक्षणाच्या कक्षेत आले होते. दोन महिन्यांहून अधिक मुदतीचा आणि ५०,००० येनहून अधिक रकमेचा करार आठ दिवसांत विनाअट रद्द करता येतो, आणि नंतर मध्येच सोडला तरी ५०,००० येन किंवा उरलेल्या रकमेचे २० टक्के, यांत जे कमी असेल त्याहून जास्त कापता येत नाही. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हाची परताव्याची रीत अवैध ठरवली. जूनमध्ये सरकारने एक वर्षावरील नवे करार करण्यास सहा महिने बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये संस्था कोसळली आणि सुमारे चार हजार परदेशी शिक्षक थकलेल्या पगारासह रस्त्यावर आले. त्यांच्यातल्या काहींनी जेवणाच्या बदल्यात इंग्रजी शिकवण्याची तयारी दाखवली होती. त्याआधीची कित्येक वर्षे वैतागलेल्या विद्यार्थ्यांसमोर हसतमुखाने उभे राहायचे काम याच शिक्षकांनी केले. वेळापत्रक त्यांच्या हातात नव्हते आणि हिशेबही नव्हता.

सरकारी शाळांत वाट आणखी वळणाची होते. नगरपालिकांची शिक्षण मंडळे ‘जेट’ऐवजी खासगी कंपन्यांकडून सहायक शिक्षक घेऊ लागली. त्यातला एक प्रकार ‘ग्योमु इताकु’, म्हणजे कामाचा ठेका. कामगार कायद्यानुसार ठेका देणाऱ्याला ठेकेदाराच्या माणसाला थेट हुकूम देता येत नाही. दिला तर तो छुपा कामगार-पुरवठा ठरतो. परिणाम असा, की एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर उभ्या असलेल्या जपानी शिक्षिकेने परदेशी सहायकाला ‘मागच्या बाकावरच्या मुलांना तुमचे बोलणे कळत नाही, जरा हळू बोला’ असे सांगणेही अडचणीचे होते. तिने ते शाळेच्या वरिष्ठांना सांगायचे, त्यांनी मंडळाला, मंडळाने कंपनीला, कंपनीने संध्याकाळी त्या तरुणाला. हाक मारली तर ऐकू येईल अशा अंतरावरचा निरोप गावभर फिरून येतो. कायदा मुळात कामगाराच्या हिताचा आहे. वर्गात त्याने शिक्षकाच्या कानात बोळा घातला.

दक्षिण कोरियात तक्रार करणारी व्यक्तीच बदलते. तिथल्या ‘हागवॉन’ या खासगी शिकवण्यांत विद्यार्थी बहुधा लहान असतो आणि बोलते त्याची आई. ती वर्गचालकाला फोन करते. परदेशी शिक्षकाचा व्हिसा ज्या संस्थेने आणले तिच्याशी बांधलेला असतो आणि करार संपण्याआधी दुसरीकडे जायचे तर सहसा जुन्या मालकाची संमती लागते. पूर्ण वर्ष भरले, की कायद्याने साधारण एक महिन्याच्या पगाराइतकी रक्कम सेवासमाप्तीची म्हणून मिळते. त्यामुळे अकराव्या महिन्यात अचानक ‘पालकांच्या तक्रारी फार आहेत’ असे ऐकू आले, तर शिक्षकाला तक्रारीचा मजकूर विचारण्याआधी तारीख आठवते. असा संशय दर वेळी खरा असेलच असे नाही. पण तक्रार आणि पैसा एकाच माणसाच्या हातून जात असले, की खऱ्या तक्रारीवरही विश्वास बसत नाही, आणि यात नुकसान त्या मुलाचेच.

उलट दिशेने जाणाऱ्या तक्रारीचा वेगही इथेच पाहता येतो. आईचा फोन शिक्षकापर्यंत त्याच संध्याकाळी पोहोचतो. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने, परदेशी इंग्रजी शिक्षकांनाच एचआयव्ही चाचणी सक्तीची का, म्हणून २००९ मध्ये ती पुन्हा करून घेण्यास नकार दिला. तिचा करार वाढवला गेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद-निर्मूलन समितीने तिच्या बाजूने मत दिले ते २०१५ मध्ये.

काही तक्रारींवर शिक्षकाला करण्यासारखे काहीच नसते. कोरियात संभाषण-शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता मर्यादित राहिला आहे. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने पात्र भारतीय शिक्षकांना सरकारी शाळांत सहायक म्हणून येण्याचा मार्ग उघडला. मराठी घरातून, मराठी वळणाचे इंग्रजी घेऊन तिथे जाणाऱ्या शिक्षकाला ‘उच्चार वेगळे आहेत’ ही तक्रार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. तिच्यातले किती कानाचे आणि किती डोळ्यांचे, हे तपासण्यासारखे आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एकाच अमेरिकी आवाजातले व्याख्यान ऐकवताना काहींना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परके उच्चार ऐकू आले आणि मजकूरही त्यांना कमी समजला. अशी तक्रार नम्रपणे ऐकून घेऊन शिक्षकाने उच्चारांचा वर्ग लावणे हा उपाय होऊ शकत नाही. तिथे संस्थेनेच शिक्षकाच्या पाठीशी उभे राहायला हवे, आणि नेमक्या त्याच वेळी संस्था ग्राहकाच्या बाजूला सरकते.

मग शिक्षकाच्या हातात काय उरते? वाट आखूड करणे. तक्रार फिरून येण्याआधी तिला वर्गातच जागा करून देणे. हा विचार नवा नाही. शिकागोतील धर्मोपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ चार्ल्स करन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या अध्यापनपद्धतीत दर तासाच्या शेवटी काही वेळ राखून ठेवलेला असे. त्यात विद्यार्थी आजच्या तासात काय वाटले हे बोलत, आणि तेही मातृभाषेत. यातला ‘मातृभाषेत’ हा शब्द महत्त्वाचा. ज्या भाषेत धड जेवण मागवता येत नाही त्या भाषेत शिक्षकाविषयी नाराजी मांडा असे सांगणे म्हणजे गप्प बसा असे सांगण्यासारखेच आहे. जपानी न येणाऱ्या शिक्षकानेही कागदावर जपानीत लिहून घ्यावे आणि कुणाकडून तरी वाचून घ्यावे. अनुवादात थोडे सांडेल, पण मूळ शब्द हाताशी राहतील.

जपानच्या वर्गांना अधिक मानवलेली रीत टिम मर्फी यांची. नागोयात शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येक तासानंतर एक छोटी नोंदवही लिहायला लावली. आज काय केले, त्यातले काय आवडले, काय उपयोगी वाटले, काय नाही. १९९३ मध्ये त्यांनी ही पद्धत लेखरूपाने मांडली. विद्यार्थ्यांच्या नोंदींतले निवडक अभिप्राय, नाव न घेता, पुन्हा वर्गाला वाचायला देणे हा तिचा पुढचा भाग. आपल्याला जे जड जाते ते आणखी दहा जणांनाही जड जाते हे कळले, की तक्रारीतला एकटेपणा जातो. आणि आपल्याला कंटाळवाणा वाटलेला खेळ शेजाऱ्याला आवडला होता हे कळले, की तिची धारही कमी होते. हातावर छडी मारून ‘तक्रार असेल तर सांगा’ म्हणणाऱ्या वर्गात हे जमणार नाही. जिथे जमते तिथे पहिले दोन-तीन आठवडे वह्यांत ‘मजा आली, धन्यवाद’ याखेरीज काही नसते. शिक्षकाने एखाद्या बारीकशा सूचनेवरून खरोखर काही बदलले आणि तसे वर्गात सांगितले, की चौथ्या आठवड्यापासून खरे लिहिणे सुरू होते.

या रीतीलाही मर्यादा आहेत. चाळीस वह्या दर आठवड्याला वाचायला वेळ लागतो, आणि तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकाला त्या वेळाचे कुणी देत नाही. विद्यापीठांनी म्हणून छापील प्रश्नावली जवळ केली. ती सत्र संपल्यावर भरली जाते, त्यामुळे ज्याने तक्रार केली त्याला तिचा उपयोग होत नाही. अर्धवेळ परदेशी प्राध्यापकाचे पुढच्या वर्षीचे तास त्या आकड्यांवर ठरणार असतील, तर तो सत्राच्या शेवटी परीक्षा सोपी करतो. मग आकडे सुधारतात.

तक्रारीचा अतिरेकही आता या देशांच्या नजरेत आला आहे. जुलै २०२३ मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेत तरुण शिक्षिकेने जीवन संपवल्यानंतर पालकांच्या छळवादी तक्रारींविरुद्ध कोरियातील शिक्षक हजारोंनी रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या संसदेने शिक्षकांच्या संरक्षणाचे कायदे संमत केले. ग्राहकांकडून होणाऱ्या छळाला आळा घालणारा टोकियो महानगराचा नियम १ एप्रिल २०२५ पासून अमलात आला आहे. त्यात ग्राहकाचा रास्त तक्रारीचा हक्क अबाधित ठेवला आहे, कर्मचाऱ्याला सांभाळण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद केलेली नाही.